पोच्याचं माहेर

आमच्या सोसायटीत ज्याच्या गाडीच्या दाराने शेजारच्या गाडीला पोचा पडतो, तो त्या घरातल्या बाईचा भाऊ होतो.

भावासारखा नव्हे, भाऊच. त्याला भाऊबीजेला ओवाळून घ्यायला जावं लागतं, त्या घरात कुणी गेलं तर सुतक पाळावं लागतं आणि भाचीच्या लग्नात मामा म्हणून उभं राहावं लागतं. पोचा दारावर आहे तोवर नातं आहे. पोचा काढला की संपलं. म्हणून आमच्या भागातली गॅरेजं दोन्ही घरांनी येऊन हो म्हटल्याशिवाय पोच्याला हात लावत नाहीत.

अट एकच आहे. पोचा निष्काळजीपणानेच पडलेला हवा. दार उघडणाऱ्याला आपण काय केलं हे कळलेलं नसावं, त्याने मागे वळून पाहिलेलं नसावं, आणि सकाळी गाडी पुसताना तो त्या बाईलाच सापडावा. मुद्दाम पाडलेला पोचा धरला जात नाही. भाऊ कुणालाच निवडून मिळत नाही, असं ही पद्धत सुरू झाली तेव्हाच्या सभेत ठरलं होतं.

आमचं पार्किंग स्कूटरच्या काळात आखलेलं आहे, त्यामुळे नात्यांचा तुटवडा कधी पडला नाही. रुंद दारांची गाडी घेतलेले पाटणे सगळ्यांचे लाडके आहेत. त्यांना चार बहिणी आहेत आणि भाऊबीजेचा अख्खा दिवस ते जिन्यातच असतात. डॉ. मगदूम यांनी सरकत्या दाराची गाडी घेतली तेव्हा मात्र लोक बराच काळ त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. माणसाने किती तुटक असावं, असं आई म्हणाली होती.

माझ्या वडिलांना, आप्पा आठल्ये यांना, सख्खी बहीण नाही. ते सांगलीच्या ट्रेझरीत होते. सगळी नोकरी त्यांनी प्रत्येक गोष्ट दोनदा पाहण्यात घालवली, त्यामुळे गाडीचं दारही ते दोन बोटांनी उघडत आणि मला कुणी आत्या नव्हती. सहा वर्षांपूर्वी मी परदेशात शिकायला निघाले तेव्हा ते मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला आले. तिथून एकटेच गाडी चालवत परत गेले, जागेवर गाडी लावली, दार उघडलं आणि वर जाऊन पडले. सकाळी शेजारच्या कुंदाताई सबनीस हळदकुंकवाची कुयरी घेऊन दारात उभ्या होत्या.

"दादा, पोचा पडलाय," त्या म्हणाल्या.

आप्पा खाली जाऊन पाहून आले. मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज इतका बदलला होता की मला वाटलं, घरात काहीतरी वाईट झालं. "मृदू," ते म्हणाले, "तुला आत्या झाली."

मी तिकडे शहरांची आखणी शिकले. जिथे शिकले तिथे दोन गाड्यांच्या मधल्या जागेलाही कायदा आहे, आणि कुणाच्या गाडीला ओरखडा गेला तर माणूस स्वतःचं नाव-पत्ता चिठ्ठीवर लिहून काचेवर लावून जातो. मला ती चिठ्ठी फार आवडायची. नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावं, एवढ्या एका गोष्टीवर चांगलं शहर उभं राहतं असं माझं मत झालं. ऋजुताच्या लग्नासाठी मी परत आले ती हे मत घेऊनच. ऋजुता ही कुंदाआत्याची एकुलती एक मुलगी. आप्पा तिचे मामा.

घरात शिरले तर आप्पा बैठकीच्या खोलीत फेटा बांधून उभे होते. आईचा हात धरून ते तिला टीव्हीपासून देवघरापर्यंत नेत होते. मामाने नवरीला बोहल्यावर आणताना पाऊल कुठलं आधी, किती सावकाश, पाटापाशी हात कधी सोडायचा, याची तालीम चालली होती.

"आठवडाभर मला बोहल्यावर नेतायत," आई म्हणाली. "पुढे काही होत नाही."

"तू मध्येच कुकर बघायला जातेस," आप्पा म्हणाले. "नवरी कुकर बघायला जात नाही."

"तिला कुकर लावायचा नसतो ना अजून."

दुसऱ्या दिवशी मी कुंदाआत्याच्या पांढऱ्या गाडीवरचा तो पोचा पहिल्यांदा नीट पाहिला. पुढच्या दारावर, हँडलच्या खाली, वाटीएवढा खड्डा होता. कडेला गंज धरला होता. दर भाऊबीजेला लावलेल्या हळदकुंकवाचे थर त्यात वाळले होते. माझ्या वडिलांनी एका बाईचं नुकसान केलं होतं, सहा वर्षांत ते भरून दिलं नव्हतं आणि वर त्यावर कुंकू होतं.

मला पद्धत माहीत होती. मी त्याच सोसायटीत वाढले आहे. पण मला असंही वाटत होतं की सहा वर्षांत या दोन घरांनी एकमेकांची दुखणी काढली, एकमेकांच्या किल्ल्या सांभाळल्या, आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आप्पा दवाखान्यातल्या बाकावर झोपले. एवढं झालेल्या नात्याला पत्र्यातल्या खड्ड्याची गरज उरत नाही. उलट खड्डा बुजला तर ते अधिक स्वच्छ होईल. लग्नाच्या दिवशी आत्याची गाडी दारात गुळगुळीत उभी राहील, आणि आमच्या घराने आपली चूक निस्तरलेली असेल.

गाडी धुऊन आणते, असं सांगून मी आत्याकडून किल्ली घेतली आणि कोल्हापूरच्या रस्त्यावर, आमची माणसं जात नाहीत अशा एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या डेंटिंगवाल्यानेही आधी विचारलं, "दोन्ही घरं राजी आहेत का?"

"मी दोन्ही घरांची आहे," मी म्हणाले, आणि तेव्हा ते खरं होतं.

त्याने कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, रबरी पेला लावून पत्रा ओढला आणि वर रंग मारला. उन्हात दार आरशासारखं दिसत होतं.

आत्या खाली आली ती पदराला हात पुसत. गाडीपाशी आली, नेहमीच्या सवयीने तिने हँडलच्या खाली हात ठेवला. मग अंधारात बटण चाचपावं तसा तिचा तळवा दारावर इकडेतिकडे फिरला.

"कुठे गेला?" तिने विचारलं.

"काढून आणला, आत्या. खर्च आमचा. आप्पांनी तेव्हाच करायला हवा होता."

तिने हात मागे घेतला. नंतर पदर नीट घेऊन, परक्या घरी जाताना घेतात तसा, ती म्हणाली, "आठल्येसाहेब घरी आहेत का?"

सोसायटीचे सेक्रेटरी बिरनाळेकाका संध्याकाळी आमच्याकडे आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, पण बशीत ओतून प्यायले नाहीत. म्हणजे काम औपचारिक होतं.

"आठल्ये, दार पाहून आलो," ते म्हणाले. "काही शिल्लक नाही. काम चांगलं केलंय."

आप्पा खुर्चीत बसले होते. फेटा डोक्यावरच होता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "नातं काय पत्र्यात असतं?"

"नाही. पोच्यात असतं. पत्रा तर सगळ्यांकडेच असतो."

"पण माणसं तीच आहेत. आप्पा तेच, आत्या तीच."

"माणसं आधीही तीच होती," बिरनाळेकाका म्हणाले. "एकाच मजल्यावर सोळा वर्षं राहत होती. तुझे वडील त्यांना पाणी आलं का, एवढंच विचारायचे."

आईने विचारलं, "मग आता?"

"नवा पोचा."

"ह्यांना सांगते, उद्या पाडतील."

"पाडायचा नसतो, वहिनी. पडायचा असतो." त्यांनी कप खाली ठेवला. "लग्नाच्या सकाळपर्यंत वेळ आहे. तोपर्यंत नाही पडला तर कुंदाताईंना जतच्या चुलतभावाला मामा म्हणून उभं करावं लागेल."

जतच्या चुलतभावाचं नाव निघताच आईने डोळे मिटले. कुंदाताईंच्या वडिलांच्या तेराव्याला ह्या गृहस्थांनी जिलबी गार आहे म्हणून पंगतीतून माणसं उठवली होती. त्यानंतर दोघांचं बोलणं नव्हतं. आता कुंदाताईंनी स्वतः त्यांना फोन केला होता, आणि ते आनंदाने तयार झाले होते. माझ्याकडे माझा फेटा आहे, असंही म्हणाले होते.

आप्पांचा हात फेट्याकडे गेला. ते म्हणाले, "बिरनाळे, मला मामा फक्त एकदाच होता येणार होतं."

"मला माहीत आहे."

"आम्हाला बहीण नाही. मला मामा म्हणणारं दुसरं माणूसच नाही."

"मला माहीत आहे, आठल्ये. म्हणून तर मी खाली खुर्ची टाकून बसतो. तुम्ही या, गाडी लावा, उतरा. पण लक्ष नको."

पुढचे दिवस आप्पा निष्काळजी होण्यासाठी झटले. सकाळी ते गाडी काढून विश्रामबागेपर्यंत जात, परत येऊन जागेवर लावत आणि उतरत. बिरनाळेकाका जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेले असत. वर गॅलरीत कुंदाताई तेच तेच कपडे पुन्हा वाळत घालत. सोसायटीतली माणसं त्या वेळी आवाज करत नसत, आणि पाटणे तर ऑफिसला जाताना गाडी गेटपर्यंत ढकलत नेत.

पहिल्या दिवशी आप्पांनी रेडिओवर बातम्या लावल्या आणि बातम्यांचा विचार करत दार उघडलं. दार कुंदाताईंच्या गाडीपासून बोटभर अंतरावर थांबलं.

"आठल्ये, तुम्ही पाहिलंत," बिरनाळेकाका म्हणाले.

"नाही पाहिलं."

"मान हलली."

"मान हलली, पण डोळे समोरच होते."

"मग दार थांबलं कसं?"

आप्पांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. "हाताला दिसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्यासोबत गाडीत बसली. माणूस भांडणात भान विसरतो, असं तिचं म्हणणं होतं. तिने महाबळेश्वरच्या सहलीचा विषय काढला, जिच्यात आप्पांनी हॉटेलच्या खोलीची पावती मिळेपर्यंत तिला सामानापाशी उभं केलं होतं. मग त्यांच्या मावशीने लग्नात दिलेल्या साडीचा काढला. आप्पा चिडले, लाल झाले, 'ते पावतीचं मी योग्यच केलं' असं मोठ्याने म्हणाले, आणि म्हणता म्हणता दोन बोटांनी दार धरून, पोट आत घेऊन, अलगद बाहेर आले.

"माझ्याशी भांडतानासुद्धा ह्यांचं लक्ष भांडणात नसतं," आई बिरनाळेकाकांना म्हणाली.

मी दोन गाड्यांमधलं अंतर कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. मी आखणी शिकले आहे. किती अंतरात साधारण बांध्याच्या माणसाचं दार टेकल्याशिवाय राहत नाही हे मला ठाऊक होतं. मी आमची निळी गाडी उजवीकडे सरकवून लावली. बिरनाळेकाकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा कट झाला. मागे घे."

"काका, मी चूक दुरुस्त करतेय."

"तू मागेही तेच करत होतीस."

कुंदाताई मला जिन्यात भेटायच्या. 'कशी आहेस' असं विचारायच्या. पूर्वी त्या माझ्या डोक्यावर टपली मारून 'काय गं परदेशी' म्हणायच्या. आप्पांना त्या साहेब म्हणत आणि आप्पा त्यांना सबनीसबाई. पाणी आलं का, असं ते एकमेकांना विचारत. ऋजुता माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही एकाच रिक्षाने शाळेत जायचो. ती मेंदीचे हात पुढे धरून आमच्याकडे आली आणि आप्पांसमोर उभी राहून म्हणाली, "मामा, तुम्ही नाही आलात तर मी स्वतःच चालत जाईन. मला त्या जतच्या माणसाचा हात धरायचा नाही."

"असं करू नये," आप्पा म्हणाले. "आणि मामा म्हणू नये. अजून काही झालेलं नाही."

ती गेल्यावर ते बराच वेळ फेट्याची घडी घालत बसले. ती नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडली.

लग्नाच्या आदल्या दुपारी आप्पांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. आता तूच चालव, माझ्याने होत नाही, असं म्हणाले. आम्ही आहेर आणायला बाजारात गेलो. मामाने द्यायचा आहेर, शालू आणि चांदीची समई, कपाटात तयार होता. तो आता देता येणार नव्हता. आप्पांनी शेजाऱ्याने द्यायचा आहेर घेतला: भिंतीवरचं घड्याळ.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी गाडी आमच्या जागेवर, आखलेल्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावली. उजवीकडे कुंदाताईंची पांढरी गाडी होती. नुकतीच पुसलेली होती. आप्पा घड्याळाचा खोका मांडीवर घेऊन बसून राहिले.

"घड्याळ चांगलं आहे," मी म्हणाले.

"शेजाऱ्यांकडून चांगलंच येतं."

"आप्पा, मला वाईट वाटतंय."

"तुला वाटेल. तू दोन आठवड्यांनी जाशील. तिकडे कुणाच्या गाडीला काही झालं तर काचेवर चिठ्ठी लावशील, आणि तुझं मन साफ होईल." ते खोक्यावरची दोरी सोडत आणि बांधत होते. "मी इथेच असणार. ती रोज जिन्यात भेटणार आणि मला साहेब म्हणणार."

"मी जाणार नाहीये."

"काय?"

"परत जाणार नाहीये. तिथे नोकरी देत होते, मी नाही म्हणून आले. लग्न झाल्यावर सांगणार होते."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. "आईला माहितीये?"

"नाही."

"इथे काय करणार?"

"हेच. पार्किंग, रस्ते, फुटपाथ. महापालिकेत जाऊन बसणार. ऐकलं नाही तर रोज जाऊन बसणार."

"सगळं नीट करणार."

"हो."

"सगळं नीट झालं तर माणसांनी एकमेकांना भेटायचं कसं?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं, त्यामुळेच मला फार लागलं. मी सहा वर्षं थंडीत, परक्या भाषेत, भाड्याच्या खोलीत ज्या गोष्टीसाठी अभ्यास केला ती गोष्ट माझे वडील अशी मांडीवरच्या खोक्याच्या दोरीसारखी सोडत होते. मी त्यांना सांगितलं की आपल्या गावाचं काय चुकतं ते मला नेमकं माहीत आहे. आपल्याकडे कुणीही शेजारी पाहत नाही. कचरा टाकताना पाहत नाही, थुंकताना पाहत नाही, गाडी वळवताना पाहत नाही. आपल्या हालचालीच्या पलीकडे दुसरं माणूस उभं आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मी मोठी मागणी करत नाहीये. "दार उघडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, शेजारी काय आहे ते पाहावं," मी म्हणाले. "एवढंच मागतेय मी, आप्पा. एवढंही आपल्याला जमत नाही."

आप्पा डावीकडून उतरले. मीही हे बोलत बोलतच उतरले आणि जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत बोलत होते.

सकाळी बेल वाजली. आम्ही कार्यालयात निघायच्या गडबडीत होतो. दारात कुंदाताई उभ्या होत्या. पैठणी अर्धी नेसलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात कुयरी.

"पोचा पडलाय," त्या म्हणाल्या.

चपला समोर असून आप्पा चपला शोधू लागले. आईने त्या त्यांच्या पायांपुढे सरकवल्या.

खाली बिरनाळेकाका सोवळं नेसूनच आले होते. पूजेतून उठले होते. पांढऱ्या दारावर, जुन्या पोच्याच्या वीतभर मागे, नवा खड्डा होता. खोल, लांबट, आणि त्याच्या तळाशी आमच्या गाडीचा निळा रंग लागलेला. बिरनाळेकाकांनी आमच्या गाडीचं दार उघडून त्याची कड खड्ड्याशी लावून पाहिली. बसली.

"काल पुसली तेव्हा होता?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," कुंदाताई म्हणाल्या. "दुपारी पुसली मी."

"त्यानंतर कोण उतरलं?"

"मी," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. विमानतळावरून परतल्यावर फोनवर जसा आवाज होता, तसा आत्ता होता.

"कुठल्या बाजूने उतरलात?"

सगळी नोकरी ट्रेझरीत झालेल्या माणसाला यावर दुसरं काही म्हणता येत नाही. आप्पांनी आमच्या गाडीकडे पाहिलं, कुंदाताईंच्या गाडीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "डावीकडून."

तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.

"चालवत तू होतीस?" बिरनाळेकाकांनी विचारलं.

"हो."

"दार लागल्याचं कळलं?"

"नाही."

"मागे वळून पाहिलंस?"

"नाही."

"लक्ष कुठे होतं?"

"बोलत होते."

"कशाबद्दल?"

"दार उघडायच्या आधी शेजारी पाहावं, याबद्दल."

बिरनाळेकाका हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "निष्काळजीपणाचाच आहे," ते म्हणाले. "मंजूर."

"गाडी माझ्या नावावर आहे," आप्पा म्हणाले.

"पोचा गाडीचा नसतो, आठल्ये. हाताचा असतो."

"पण ती मुलगी आहे."

"दार उघडणारा भाऊ होतो, असं आपलं ठरलंय. उघडणाऱ्याने कोण असावं, यावर चर्चा झालेली नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आणि आज ती करायला वेळ नाही."

मी सवयीने म्हणाले, "मी भरून देते, आत्या," आणि आईने माझं मनगट असं धरलं की मी पुढचं बोलले नाही.

"आत्या म्हणू नकोस," कुंदाताई म्हणाल्या. "ताई म्हण." त्यांनी बोट कुंकवात बुडवून आधी पोच्याला लावलं आणि मग माझ्या कपाळाला. "दादा," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा अडखळल्या, म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या.

आप्पा थोडे बाजूला जाऊन उभे होते. इस्त्रीच्या धोतराला हात पुसत होते, हात कोरडे असूनही. मला त्यांच्याकडे पाहवेना. बिरनाळेकाका तेवढ्यात बोटांवर नातं मोजत होते.

"मामाचे वडील," ते म्हणाले, "म्हणजे नवरीचे आजोबा. आठल्ये, तुम्ही कुंदाताईंचे वडील झालात."

"मला आजोबांचं काही येत नाही," आप्पा म्हणाले. "मी मामाची तयारी केली होती."

"आजोबांना काही करायचं नसतं. बसायचं असतं. सगळे येऊन पाया पडतात."

कुंदाताईंनी खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि तिथेच दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेत, कसंबसं वाकून, आप्पांच्या पायांना हात लावला. त्या आप्पांहून चार वर्षांनीच लहान आहेत. आप्पांचा हात वर गेला, तिथे थोडा थांबला आणि मग त्यांच्या डोक्यावर टेकला. लवकर उचलला गेला नाही.

"कुंदे," ते म्हणाले, "उठ. मुहूर्त टळेल."

कुंदाताई उठल्या आणि आईच्या पायांकडे वळल्या.

"अगं, मी तुझ्याहून लहान आहे," आई म्हणाली.

"आता काय करता, आई," कुंदाताई म्हणाल्या.

कार्यालयात जतचे चुलतभाऊ आमच्या आधी पोचले होते. भरघोस मिशांचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ, फेटा बांधून अगदी तयार. बिरनाळेकाकांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन परिस्थिती सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन पांढऱ्या गाडीपाशी उकिडवे बसले आणि पोच्यात अंगठा फिरवून पाहिला.

"खरा आहे," आत येऊन ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. आप्पांचा फेटा माझ्या डोक्यावर सैल होत होता. त्यांनी स्वतःचा उतरवला आणि दोन्ही पाय रोवून मला बांधून दिला. "मामाचा फेटा बोहल्यावर सुटला तर लोक नाव ठेवतात," ते म्हणाले. कुंदाताईंनी त्यांना दोन जिलब्या जास्त वाढायला सांगितल्या, गरम.

आप्पांना पुढच्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर बसवलं होतं. मुलाकडची माणसं रांगेने येऊन पाया पडत होती. ते प्रत्येकाला नाव विचारत आणि नीट ऐकून घेत. ऋजुताला आणायची वेळ झाली तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठून माझ्यामागे आले आणि कानाशी बोलत राहिले. "उजवा पाय. घाई नको. तिच्या चालीने चाल, तुझ्या चालीने नको. पाटापाशी थांब."

मी थांबले. ऋजुताचा मेंदीचा हात माझ्या हातात होता. घाम आला होता. तिला की मला, ते कळत नव्हतं.

"मामा," ती ओठ न हलवता म्हणाली, "आता सोड."

मी हात सोडला. अंतरपाटाच्या पलीकडून मुलाची आई पुढे आली. तिने मामाच्या मानाचा नारळ आणि उपरणं माझ्या हातात ठेवलं, फेट्याकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, "मामा कुठे असतात?"

"बहिणीच्या शेजारी," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि अक्षतांचं तबक माझ्यापुढे धरलं.